राउथचा तक्ता आणि बॉयलरवरचा माणूस

नियंत्रण-सिद्धान्ताच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. एक लांबलचक समीकरण दिलेले असते. त्यावरून राउथचा तक्ता मांडावयाचा, पहिल्या स्तंभातील चिन्हे पाहावयाची आणि खाली लिहावयाचे : ‘प्रणाली स्थिर आहे’ किंवा ‘प्रणाली अस्थिर आहे’. तक्ता बिनचूक असला की पैकीच्या पैकी गुण. हे समीकरण कोणत्या यंत्राचे आहे, ते यंत्र कोण चालवितो, त्यात काय बिघडू शकते, यांपैकी काहीही प्रश्नात नसते आणि विद्यार्थीही ते विचारीत नाही. विचारण्याचे त्याला कारणही नसते. कारण उत्तरपत्रिका तपासणारा मीही ते पाहत नाही.

हा प्रश्न काढून टाकावा असे माझे म्हणणे नाही. माझी तक्रार एवढीच की, चार वर्षांचे शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या आमच्या बहुसंख्य मुलांची अशी प्रामाणिक समजूत असते की हा तक्ता म्हणजेच तो विषय. ती समजूत घातक आहे, असे माझे मत झाले आहे. ते ग्रंथ वाचून झालेले नाही. या विषयात संशोधन करणाऱ्या तीन व्यक्तींशी गेल्या काही वर्षांत चर्चासत्रांच्या निमित्ताने, एकदा तर रेल्वेच्या डब्यात, जे निवांत बोलणे झाले त्यातून झाले आहे. बोलणे खाजगी होते, म्हणून नावे देत नाही.

या अंकाचे वाचक सगळेच अभियांत्रिकीचे नाहीत, तेव्हा विषयाची थोडी ओळख करून देतो. होस्टेलच्या न्हाणीघरात गीझरचा नळ सोडला की पाणी गार येते. आपण गरम नळ वाढवितो. पाणी तरीही गारच, कारण नळीतील गार पाणी अजून संपलेले नसते. आपण आणखी वाढवितो आणि एकाएकी अंगावर कढत पाणी पडते. मग घाईने उलट फिरवितो, आणि पुन्हा गार. हाताला लागलेल्या पाण्याची खबर घेऊन नळ फिरविणे, याचे नाव फीडबॅक. (या शब्दाला सर्वांच्या तोंडी बसेल असा मराठी प्रतिशब्द आमच्या भाषा-विभागाने सुचवावा, कन्नड विभागानेही आपला सुचवावा.) खबर उशिरा पोहोचली आणि माणूस उतावळा असला तर सुधारण्याच्या प्रयत्नानेच बिघाड वाढत जातो. ही अवस्था कधी येते आणि ती कशी टाळावी, याचे शास्त्र म्हणजे नियंत्रण-सिद्धान्त.

पहिल्या बाई मुंबईस संशोधन करतात. त्यांचे काम शुद्ध गणिताकडे झुकणारे. त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, “सर, तुम्ही वर्गात मर्यादा शिकवता का?”

“कसल्या मर्यादा?”

“काय करता येणार नाही, त्या.”

मग त्यांनी लहान मुलांचा खेळ सांगितला. लांब दांड्याचा झाडू तळहातावर उभा तोलून धरणे फारसे कठीण नाही. आता त्याच तळहातावर पेन्सिल उभी करून पाहा. हात तोच, डोळे तेच, मेंदूही तोच. पण पेन्सिल राहत नाही. आखूड वस्तू लवकर कोलमडते, आणि डोळ्यांनी पाहून हात हलविण्यास लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो. पडण्याचा वेग त्या वेळेच्या मानाने फार झाला की मग तेथे कितीही हुशार नियंत्रक बसवा, उपयोग नाही. बाई म्हणाल्या, “हे कौशल्य कमी पडल्याने होत नाही. हे सिद्ध झालेले आहे.”

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे हेंड्रिक बोडे यांचा १९४५ सालचा ग्रंथ या क्षेत्रात प्रसिद्ध आहे. त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका नियमाचा आशय असा की, व्यवहारात आढळणाऱ्या बहुतेक यंत्रांत फीडबॅकने एका प्रकारच्या धक्क्यांचा परिणाम कमी केला, तर दुसऱ्या कोणत्या तरी प्रकारच्या धक्क्यांचा परिणाम वाढल्याशिवाय राहत नाही. गंटर स्टाइन यांनी १९८९ साली बोडे यांच्या नावाच्या व्याख्यानात हे समजाविताना मातीचा दृष्टान्त दिला होता. येथे खड्डा खणला तर निघालेली माती कोठे तरी टाकावीच लागते. अभियंत्याला फक्त ढीग कोठे घालावयाचा एवढेच ठरविता येते. आणि यंत्र मुळातच अस्थिर असेल तर मातीचा ढीग खड्ड्यापेक्षा मोठाच होतो. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत स्वीडनमध्ये ग्रिपेन या लढाऊ विमानाचे पहिले नमुना-विमान उतरताना हेलकावे खाऊन आपटले होते. मुद्दाम अस्थिर बांधलेले आणि संगणकाच्या आधाराने उडणारे विमान. वैमानिकाचे हात आणि संगणक यांचा मेळ बसला नाही. वैमानिक सुदैवाने वाचला. स्टाइन यांनी त्या अपघाताचा आणि १९८६ सालच्या चेर्नोबिलचाही दाखला आपल्या व्याख्यानात दिला आणि श्रोत्यांना बजावले की, अस्थिर यंत्राचा मान राखावयास शिका. ते व्याख्यान छापून आले २००३ साली. आमच्या अभ्यासक्रमात त्याचा शिरकाव अद्याप व्हावयाचा आहे.

दुसरे गृहस्थ पूर्वी कारखान्यांतून काम केलेले, आता संशोधक विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतात. रेल्वेच्या डब्यातील बोलणे ते यांच्याशीच. तरुणपणी एका साखर कारखान्यात बॉयलरच्या पाण्याच्या पातळीचा स्वयंचलित नियंत्रक बसविण्यासाठी त्यांना पाठविले होते. गळीत हंगाम जोरात होता. नियंत्रक बसवून झाला, आकडे पुस्तकाप्रमाणे लावले, आणि पातळी शांत होण्याऐवजी वर-खाली नाचू लागली. शेजारी उभा असलेला बॉयलर अटेंडंट बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “साहेब, काचंत दिसतंय ते खरं न्हाई. वाफ ओढली की पाणी फुगतंय. घटकाभर दम धरा.”

या एका वाक्यात जे आहे ते सविस्तर सांगण्याजोगे आहे. कारखान्यात पॅनवर किंवा टर्बाइनवर अचानक जास्त वाफ लागली की बॉयलरमधून वाफ जास्त निघून जाते, म्हणजे आतील पाणी कमी होऊ लागते. पण वाफ ओढली गेल्याबरोबर ड्रममधील दाब उतरतो, पाण्यातील वाफेचे बुडबुडे फुगतात, आणि पाणी कमी होत असतानाच काचेच्या नळीतील पातळी वर चढते. पातळी चढली म्हणून नियंत्रकाने पाणी तोडले तर तो नेमका उलटा उपाय करतो. थोड्याच वेळात बुडबुडे ओसरतात आणि पातळी धोक्याच्या खाली घसरते. मग घाबरून थंड पाणी भसाभस सोडावे, तर त्या थंडाव्याने उरलेले बुडबुडेही विरतात आणि पातळी चढण्याऐवजी आधी आणखी उतरते! पाणी फार उतरले तर नळ्या तापून फुटतात, फार चढले तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाते. दोहोंतही माणसांच्या जिवाशी गाठ आहे. म्हणून मोठ्या बॉयलरांवर केवळ पातळी पाहून नियंत्रण करीत नाहीत. किती वाफ बाहेर गेली आणि किती पाणी आत आले या दोन्ही गोष्टी मोजून, पातळीची खबर तिसरी मानतात.

जे यंत्र पहिला प्रतिसाद उलटा देते त्याला उतावळेपणाने आवरता येत नाही, हेही गणिताने सिद्ध झालेले आहे. बाईंनी सांगितलेल्या मर्यादांपैकीच ती एक. ते गृहस्थ हसत म्हणाले, “अटेंडंटाला जे ठाऊक होते, ते नीट समजण्यासाठी मला डॉक्टरेट करावी लागली.” मी विचारले, “पण त्या बॉयलरचे समीकरण राउथच्या तक्त्यात घातले असते तर?” ते म्हणाले, “अहो, बॉयलर एकटा धरला तर त्याची ही खोड तक्त्यात दिसतच नाही. ती समीकरणाच्या दुसऱ्या भागात असते. आणि तो भाग प्रश्नपत्रिकेत छापलेलाच नसतो.”

यंत्र चालविणाऱ्याकडून शिकण्याची ही रीत काही नवी नव्हे. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूवर जो निबंध लिहिला, त्याच्या मुळाशी अनुभवी सुकाणूधारी काय करतो याचे निरीक्षण होते. तो केवळ आता दिशा किती चुकली आहे तेवढेच पाहत नाही. चूक किती काळ साचत आली आहे आणि ती वाढते आहे की घटते आहे, हेही मनात धरतो. आज ज्याला आपण पीआयडी नियंत्रक म्हणतो त्याची ही तीन अंगे. तेल-शुद्धीकरण, रसायने आणि कागद या उद्योगांतील अकरा हजारांहून अधिक नियंत्रकांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ९७ टक्के पीआयडीच निघाले. शंभर वर्षांपूर्वीच्या नावाड्याची ती अक्कल आज कारखाने चालवीत आहे म्हणा ना! त्याच पाहणी करणाऱ्यांना असेही आढळले की, सुमारे एकतृतीयांश नियंत्रक कामगारांनी बंद करून हाताने चालवावयास घेतलेले होते. ही कामगारांची अडाणी हट्टबुद्धी, असे म्हणणारे व्यवस्थापक मी पाहिले आहेत. मला तसे वाटत नाही. बंद ठेवलेल्या प्रत्येक नियंत्रकामागे न विचारलेला एकेक प्रश्न असावा.

तिसऱ्यांशी बोलणे कालव्यांविषयी झाले. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील संशोधकांनी कालव्याची दारे आपोआप उघडण्या-मिटण्याचा जो अभ्यास केला, त्याच धर्तीवर त्यांचे काम चालते. कर्नाटकात नारायणपूर डाव्या कालव्यावरही अशी स्वयंचलित दारे बसविली गेली आहेत. कालव्यात मुख्य अडचण उशिराची. वरचे दार उघडल्यावर पाणी खालच्या दाराशी पोहोचण्यास अंतराप्रमाणे मिनिटे लागतात तशीच तासही लागतात. प्रत्येक दाराने फक्त आपल्यापुरते पाहून वरच्याकडे पाणी मागितले, तर खालची लहानशी चूक वर सरकताना वाढत जाते. एकेक दार तपासले तर प्रत्येक स्थिर. सगळी मिळून मात्र कालवा हिंदकळतो. ते म्हणाले की, आपल्याकडील पाटकरी किंवा कर्नाटकातील नीरगंटी हे उशिराचे गणित अंगवळणी पडलेले लोक. पाळी उद्या सकाळची असली तर दार रात्रीच उचलावयाचे, हे त्यांना कोणी शिकविलेले नाही. “चूक दिसल्यावर सुधारणे हा फीडबॅक. चूक होणार हे ओळखून आधीच हालणे, ते त्यांचे.”

हे सर्व मी स्टाफरूममध्ये सांगितले तेव्हा एका सहकाऱ्याने जो आक्षेप घेतला तो येथे नोंदविणे न्याय्य होईल. ते म्हणाले, “वर्गात साठ मुले. अर्धी खेड्यांतून, मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेली. तक्ता ही एक गोष्ट अशी आहे की जी इंग्रजी कच्चे असले तरी सरावाने येते आणि तिचे गुण कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तुमच्या बॉयलरच्या गोष्टींनी ती पास होणार आहेत का?” या आक्षेपात तथ्य आहे. तक्त्याने पुष्कळ गरीब मुलांना पदवी मिळवून दिली आहे, आणि पदवीने नोकरी.

दुसरा आक्षेप मुंबईच्या बाईंचाच. मी उत्साहाच्या भरात “म्हणजे गणित कमी करून प्रत्यक्ष काम वाढवावे,” असे म्हणून गेलो, तेव्हा त्यांनी मला तेथेच थांबविले. रुडॉल्फ कालमान यांचा १९६० सालचा निबंध त्या वेळी पुष्कळ अभियंत्यांना निव्वळ गणिती वाटला होता. त्याच वर्षी ते नासाच्या एम्स केंद्रात गेले, तेथील स्टॅन्ली श्मिट यांच्याशी बोलणे झाले, आणि श्मिट यांच्या ध्यानात आले की चंद्राकडे निघालेल्या यानाचा मार्ग ठरविण्यास आपल्याला हवे आहे ते हेच. अपोलो यानाच्या संगणकात ती रीत गेली. “गणित कमी करू नका,” बाई म्हणाल्या, “ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते सांगा.”

खुद्द त्या तक्त्याची कुळकथा तरी काय आहे? वाफेच्या इंजिनांचे गव्हर्नर हेलकावे खात होते, म्हणून मॅक्सवेल यांनी १८६८ साली त्यांवर निबंध लिहिला. समीकरण मोठे झाले की स्थैर्य कसे ओळखावे हा प्रश्न त्यांनी पुढच्यांसाठी सोडला. एडवर्ड राउथ यांनी १८७७ साली तो सोडविला. त्याचा पत्ता नसलेले दोन प्राध्यापक झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये होते, आणि ते दोघेही तेथे १८९२ साली रुजू झालेले. एक आउरेल स्टोडोला, टर्बाइनवाले अभियंते; दुसरे अडॉल्फ हुर्विट्झ, गणिती. पाण्याच्या टर्बाइनचा वेग आवरताना स्टोडोला यांना सातव्या घाताचे समीकरण मिळाले. त्यांनी ते हुर्विट्झ यांच्यापुढे ठेवले, आणि १८९५ साली हुर्विट्झ यांची कसोटी प्रसिद्ध झाली. तिचा उपयोग दाव्होस येथील टर्बाइनसाठी झाला, हेही त्या निबंधात नमूद आहे. आमच्या मुलांना ‘राउथ-हुर्विट्झ’ हे जोडनाव पाठ असते. त्यातील स्टोडोला मात्र गळून गेला. प्रश्न विचारणारा गळला आणि उत्तर तेवढे अभ्यासक्रमात राहिले.

मला याची निकड वाटते ती आमची मुले पुढे कोठे जातात हे पाहून. आमच्या भागातील मुले बेंगळूर-पुण्याच्या कंपन्यांतून मोटारींच्या ब्रेकचे, विमानांच्या भागांचे, औषध-कारखान्यांच्या भट्ट्यांचे नियंत्रण करणारे प्रोग्रॅम लिहितात. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात बोइंग कंपनीची ७३७ मॅक्स जातीची दोन विमाने पडली. ३४६ माणसे गेली. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेल्याचे वाटले तर ते खाली दाबणारी एक स्वयंचलित योजना त्यांत होती. ती एकाच संवेदकावर विसंबून होती. संवेदकाने खोटी खबर दिली. वैमानिक नाक वर ओढीत होते आणि योजना पुन्हा पुन्हा खाली दाबीत होती. इंडोनेशियातील वैमानिकांच्या पुस्तिकेत तर अशी काही योजना आहे याचा उल्लेखच नव्हता. तक्ता मांडता न आल्यामुळे हे घडले नाही. काचेत दिसते ते खोटे असले तर काय, हा प्रश्न ज्या टेबलावर विचारावयास हवा होता तेथे तो पुरेसा विचारला गेला नाही, म्हणून घडले. अशा टेबलांशी उद्या आमची मुले बसणार आहेत.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम माझ्या हातात नाही. अंतर्गत परीक्षेचे थोडे गुण आहेत. तेवढ्यात मी एवढेच करतो : तक्त्याचा प्रश्न तसाच ठेवतो, परंतु समीकरणाबरोबर यंत्राचे नाव देतो, आणि पुढे एक ओळ जोडतो की या यंत्राची खबर देणारे साधन बंद पडले तर काय होईल ते लिहा. मर्यादांवर दोन तास घेतो. त्यासाठी एक झाडू व एक पेन्सिल वर्गात नेतो, त्याला खर्च नाही. आणि सत्रात एकदा प्रत्येकाने एखादे यंत्र चालविणाऱ्या माणसाशी बोलावे आणि दोन पाने लिहून आणावीत. पंप, बॉयलर, उद्यमबागेतील फौंड्रीची भट्टी, काहीही चालेल. तो माणूस ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहावे, असे सांगितले आहे. सहकारी म्हणतात ही मुलाखतीची नवीच टूम निघाली. म्हणोत.

निम्म्याहून अधिक पाने एकमेकांची पाहून लिहिलेली होती, हेही सांगितले पाहिजे. चिकोडीकडचा एक मुलगा मात्र आपल्या वडिलांशीच बोलून आला. ते साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. त्याने कन्नडमध्ये लिहिले होते, म्हणून आमच्या कन्नड विभागाच्या सहकाऱ्यांनी ते मला वाचून दाखविले. वडील म्हणाले होते की, पाण्याच्या काचेआधी आपण दाबाच्या काट्याकडे पाहतो. दाब उतरत असताना पातळी चढत असेल तर पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावावयाचा नाही. मुलाने एका रात्रपाळीत त्यांच्याशेजारी उभे राहून दर दोन मिनिटांनी दोन्ही आकडे लिहून घेतले होते, आणि खाली पेन्सिलीने एक आलेख काढला होता : दाबाची रेघ उतरते आहे, पातळीची रेघ आधी थोडी वर जाते आणि मग वळून खाली येते. जेथे ती वळली तेथे त्याने एक बाण काढून बाजूला लिहिले होते, “अप्पांनी येथे पाणी वाढविले.”